अभिमन्यूला मैदानाबाहेर काढा

आमच्याकडे एखाद्या क्रीडामंडळाचा रौप्यमहोत्सव आला की स्मरणिका निघते, आणि स्मरणिका निघाली की तिच्या पहिल्या लेखात अभिमन्यू निघतो. हा परिपाठ आता इतका पक्का झाला आहे की मंडळ कोकणातले असो, वऱ्हाडातले असो की आमच्या जंगलातले असो, मजकूर तोच. पहिल्या पानावर आमदारसाहेबांचा शुभसंदेश, दुसऱ्यावर पालकमंत्र्यांचा, तिसऱ्यावर अध्यक्षांचे फेटा बांधलेले छायाचित्र, आणि मग 'कबड्डी : उगम व विकास'. उगम चक्रव्यूहात, विकास एकदम १९९० च्या बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत; मधली हजारो वर्षे एका स्वल्पविरामात बसवलेली. आणि ज्या मंडळाचा हा महोत्सव, ते कुठे आहे? ते शेवटच्या पानावर आहे, कार्यकारिणीच्या यादीत, खतांच्या दुकानाच्या जाहिरातीच्या डोक्यावर.

हा प्रकार बंद झाला पाहिजे असे माझे मत आहे आणि तेवढ्यासाठीच हा लेख लिहायला घेतला आहे. मी कादंबऱ्या लिहितो, तेव्हा दंतकथेशी वैर धरून मला परवडणार नाही. शिवाय माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. संशोधक म्हणून कोणी माझ्याकडे पाहू नये. परंतु मास्तरकीमुळे रोज हजेरी घेण्याची सवय जडली आहे, आणि हजेरी घेणाऱ्या माणसाला वर्गात कोण आहे यापेक्षा कोण नाही हे आधी दिसते. स्मरणिकांच्या या वर्गात जे कधीच दिसत नाहीत त्यांच्याविषयी मला बोलायचे आहे.

आधी अभिमन्यूचा निकाल लावू. कबड्डीवाले म्हणतात, शत्रूच्या गोटात एकटा शिरणारा तो पहिला चढाईपटू. आट्यापाट्यावालेही त्यालाच आपला म्हणतात, कारण त्याने पाट्या फोडल्या. खो-खोवाल्यांनी रथांची शर्यत काढली आहे, पण तेही कुरुक्षेत्राच्या आसपासच घुटमळतात. एकटा सोळा वर्षांचा पोर, परीक्षिताखेरीज त्याला अपत्य नाही, आणि आपण त्याला तीन-तीन खेळांचा बाप करून ठेवला आहे! बरे, खेळाच्या नियमांशी तरी ही कथा जुळावी. कबड्डीत एकावर सात जण तुटून पडतात तो न्याय आहे. चक्रव्यूहात एकावर अनेक तुटून पडले तो अधर्म म्हणून आजवर निंदला गेला. कबड्डीत बाद झालेला गडी आपल्या बाजूने गुण मिळवला की उठून पुन्हा आत येतो, आणि या नियमाला आपल्या जुन्या जाणत्यांनी 'संजीवनी' असे फार सुंदर नाव दिले होते. अभिमन्यू उठला नाही. त्या कथेचे सारे कारुण्यच तेवढ्यात आहे. म्हणजे जी कथा या खेळाच्या अगदी उलट आहे ती त्याची जन्मकथा म्हणून आपण छापतो, आणि सुभद्रेच्या दुःखाचीही त्यात फुकट विटंबना करतो.

२०१८ साली जकार्त्यात इराणने आपल्या पुरुषांना उपांत्य सामन्यात आणि आपल्या मुलींना अंतिम सामन्यात हरवले. इराणकडे अभिमन्यू नव्हता. त्यांनी सराव केला होता.

'पण मास्तर, खेळ जुने आहेत हे तर खरे ना?' असे मला विचारले जाते. खरे आहे आणि त्याला पुरावाही आहे. फक्त तो पुराणात शोधायचा नसतो. तुकोबांच्या गाथेत खेळांचे अभंग आहेत. हमामा आहे, हुतुतू आहे, फुगडी आहे, टिपरी आहे, विटीदांडू आहे. ही झाली पावणेचारशे वर्षांपूर्वीची गोष्ट. ज्याच्या कानांवर पोरांचा हुतुतूचा दम रोज पडत होता असा माणूसच त्या खेळावर अभंग रचतो. देहूच्या वाळवंटात पोरे खेळत होती याची ही घरची साक्ष आपल्याजवळ असताना कुरुक्षेत्राचे उसने प्रमाणपत्र हवे कशाला? मला वाटते याचे कारण असे : तुकोबांच्या अभंगांत खेळणारी पोरे गावची आहेत, गुराखी आहेत, आणि स्मरणिकेच्या पहिल्या पानाला राजपुत्र लागतो.

आता खरा इतिहास पाहू. तो दंतकथेहून पुष्कळ रंगतदार आहे. आपले हे खेळ आज ज्या रूपात आहेत ते रूप शंभर-सव्वाशे वर्षांचे आहे, आणि ते देवांनी नव्हे, मंडळांनी दिले. १९०६ साली पुण्यात डेक्कन जिमखाना निघाला. नाव पाहा : 'डेक्कन' इंग्रजांनी रूढ केलेले, 'जिमखाना' हा शब्दही त्यांच्या छावणीतला, आणि हौस मात्र देशी खेळांची. याच जिमखान्यात १९१४ मध्ये खो-खोचे नियम एकत्र बांधण्याचा पहिला उद्योग झाला. पुढे १९२३-२४ च्या सुमारास बडोद्यात हुतुतूचे आणि खो-खोचे नियम छापून निघाले. नियम छापणे ही आज क्षुल्लक गोष्ट वाटते. परंतु त्याआधी साताऱ्याचा हुतुतू वेगळा आणि नागपूरचा वेगळा. कुठे मेलेला गडी उठतो, कुठे उठत नाही. कुठे सगळा संघ बाद होईपर्यंत खेळ, तर कुठे एक गेला की दुसरा आत. संजीवनी, अमर, गामिनी ही तीन नावे जुन्या मंडळींना आठवत असतील. तिघांतून एक निवडायचे म्हणजे दोन गावांना सांगायचे की तुमचा बापजाद्यांचा खेळ आजपासून चूक! ही भांडणे किती बैठकांत, किती रात्री जागून मिटवली असतील याची कल्पना करा. माझ्यासारख्या कादंबरीकाराच्या तोंडाला पाणी सुटावे असा हा विषय आहे. पण त्या बैठकांत कोण बोलले, कोण रागाने उठून गेले, कोणी पडते घेतले, हे स्मरणिकेत कधी वाचायला मिळत नाही. मिळतो अभिमन्यू.

आमच्या विदर्भातले उदाहरण याहून मोठे आहे. १९१४ सालीच अमरावतीत वैद्य बंधूंनी एक आखाडा सुरू केला. तेच आजचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. या मंडळाने १९३६ साली आपला संघ बर्लिनच्या ऑलिंपिकला नेला आणि तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखवली. वऱ्हाडातली पोरे बोटीत बसून जर्मनीला जातात आणि परक्या मातीवर हुतुतू घालतात, ही गोष्ट आजही अंगावर काटा आणते. पण आपण ती सांगतो कशी? तिकडे कोणी पाठ थोपटली, कोणी वाहवा केली, तेवढ्यापुरती. मला वेगळेच प्रश्न पडतात. पैसा कुठून जमवला? समुद्र ओलांडायला कोणाच्या आईने विरोध केला? ज्यांना न्यायचे होते पण नेता आले नाही, ते त्या दिवसांत आखाड्यात येऊन काय करत बसले असतील? मोठ्या मंडळांच्या दप्तरात यातले काही सापडेलही. अशा मंडळांना इमारती आहेत, कपाटे आहेत, कपाटांना किल्ल्या आहेत. माझे भांडण त्यांच्याशी नाही. १९३६ पासून बडोद्याहून दहा खंडांचा 'व्यायामज्ञानकोश' काढणाऱ्या दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांशी तर मुळीच नाही. त्या माणसाने दंडबैठकांपासून मल्लखांबापर्यंत सारे चित्रांसहित उतरवून ठेवले. एका जन्मात याहून अधिक कोणाकडून मागायचे? माझे म्हणणे एवढेच की त्यात खेळ कसा खेळावा ते आहे. तो कोण खेळले, कुठल्या गावात, कोणाच्या शेतात आणि कोणाच्या शिव्या खाऊन, हा अकरावा खंड लिहायला मुजुमदारांची वाट पाहायची नव्हती. तो गावोगावच्या मंडळांनी लिहायचा होता. त्यांनी लिहिला नाही.

कोणी म्हणेल, जगात असा इतिहास कोणी लिहितो काय? गल्लीतल्या मंडळाचे कसले चरित्र? तर त्याला उत्तर म्हणून मी वाचकांना जरा दूर, आयर्लंडात घेऊन जातो.

तिथे हर्लिंग नावाचा खेळ आहे. एका बाजूला पंधरा गडी, प्रत्येकाच्या हातात पुढून पसरट झालेली काठी, आणि एक लहानसा कातडी चेंडू. आपल्या संतांच्या तोंडी जी चेंडूफळी येते तिचा हा रागीट चुलतभाऊ समजावा. चेंडू जमिनीवरून मारा, हवेत मारा, काठीच्या पात्यावर तोलत धावत सुटा. आडव्या दांडीखालून गेला तर तीन गुण, वरून गेला तर एक. एकोणिसाव्या शतकात दुष्काळाने आणि देशांतराने हा देश रिकामा होत चालला तेव्हा हा खेळही मोडकळीला आला. तो सावरला मायकेल क्यूसॅक नावाच्या माणसाने, आणि हे क्यूसॅक कोण? मास्तर! परीक्षांची तयारी करून घेणारी शाळा चालवणारे मास्तर. १ नोव्हेंबर १८८४ रोजी थर्लस या गावच्या एका हॉटेलात मूठभर माणसे जमली आणि देशी खेळांची संघटना निघाली. आपल्या डेक्कन जिमखान्याच्या आधी बावीस वर्षे. इंग्रजांचे राज्य, इंग्रजांचे खेळ, आणि त्यांच्यापुढे आपला खेळ नियमांत बांधून उभा करण्याची खटपट : सारे आपल्यासारखेच.

फरक पुढे पडला. त्यांनी क्लब बांधला तो गावावर. एका चर्चच्या घंटेचा आवाज जिथवर जातो तेवढा टापू, त्याला पॅरिश म्हणतात, तो एका क्लबचा. खेळाडू जिथे जन्मला तिथला. तो पुढे आपल्या जिल्ह्यातर्फे डब्लिनच्या क्रोक पार्कवर ऐंशी हजार लोकांपुढे खेळला तरी त्याचे पगारपत्रक निघत नाही. सोमवारी तो मास्तर असेल तर शाळेत जातो, शेतकरी असेल तर गोठ्यात. आणि त्याच्या क्लबचे पुस्तक असते. १९८४ साली संघटनेची शंभरी झाली तेव्हा तर गावोगावच्या क्लबांनी आपापले इतिहास छापले. अशा पुस्तकांत काय असते? कोणत्या साली कोण खेळले, काठ्या कोणत्या सुताराने केल्या, कोणत्या शेतकऱ्याने आपले कुरण खेळायला दिले, कोण बोटीत बसून अमेरिकेला गेला आणि परत आला नाही. बाहेरच्याला कंटाळा यावा अशी नावांची जंत्री. आणि गावच्या माणसाला मात्र त्यात आपला आजा सापडतो.

२१ नोव्हेंबर १९२० रोजी याच क्रोक पार्कवर सामना चालू असताना इंग्रज सरकारच्या शिपायांनी गोळीबार केला आणि चौदा माणसे मेली. आपल्याला जालियनवाला बाग आठवावी. मेलेल्यांत मायकेल होगन नावाचा टिपरेरीचा खेळाडू होता. आज त्या मैदानावर जी भव्य बैठक आहे तिला या खेडवळ पोराचे नाव आहे. आणि मुद्दाम सांगतो, पुराण त्यांच्याकडेही आहे. काठीने चेंडू मारून राक्षसी कुत्र्याचा प्राण घेणारा कुहुलिन नावाचा त्यांचा वीर आहे, आणि हर्लिंगची थोरवी गाताना ते त्याला हौसेने पुढे करतात. पण बैठकीला नाव देताना त्यांना होगन आठवला. हा त्यांचा शहाणपणा आहे.

त्यांचे सारेच घ्यावे असे मात्र मी म्हणत नाही. परदेशी खेळ खेळणाऱ्याला संघटनेतून काढून टाकण्याचा नियम त्यांनी १९७१ पर्यंत चालवला, तो मला हट्टाचा वाटतो. आमच्या पोरांच्या हातची बॅट कोणी काढून घ्यावी अशी माझी इच्छा नाही. बिनपगारी खेळाचे कौतुकही मी इथे आलापल्लीत बसून करू शकत नाही. ज्याच्या घरी तेंदूपत्त्याच्या हंगामावर वर्ष निघते त्या मुलाला खेळाच्या जोरावर पोलिसात नोकरी लागली तर मी पेढे वाटीन. जाता जाता एक गंमत : हर्लिंगच्या काठ्या अ‍ॅशच्या झाडाच्या बुंध्यातून काढतात. २०१२ पासून त्या झाडांना तिकडे एका बुरशीने ग्रासले आहे, आणि अलीकडे काही काठ्या बांबूच्या होऊ लागल्या आहेत. गडचिरोलीच्या माणसाने हे ऐकून मिशीतल्या मिशीत हसायला हरकत नाही.

बांबू आणि सागवान, यांचाच हा मुलूख. आलापल्लीचे सागवान महाराष्ट्रभर नावाजलेले. १९५३ साली इथले सहा हेक्टर जुने जंगल जसेच्या तसे राखून ठेवले गेले, त्याला 'वनवैभव' म्हणतात, आणि २०१४ साली त्याला जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा मिळाला. २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिरासाठी या भागातले सागवान बल्लारपूरहून मिरवत गेले तेव्हा वर्तमानपत्रांचे रकाने भरले होते. मला याचे वैषम्य नाही, अभिमानच आहे. मी सांगतो आहे ते निराळेच. इथे झाड तोडले की त्याच्या ओंडक्यावर हातोड्याने खूण उठते, क्रमांक पडतो, घेर मोजतात, लांबी मोजतात, वहीत नोंद होते. डेपोत जाऊन विचारा, ओंडका कोणत्या कूपातून आला ते सांगतील. आता त्याच जंगलातल्या एखाद्या पाड्यावर जाऊन विचारा, तुमच्या गावचा कबड्डीचा संघ कोणी काढला? पहिला चढाई करणारा कोण? कोणी सांगणार नाही. लाकडाला नंबर आहे, माणसाला नाही.

हे मी हवेत बोलत नाही. गेली काही वर्षे मी नववीच्या मुलांना दिवाळीच्या सुट्टीत एक गृहपाठ देतो : आपल्या गावात पूर्वी कोण काय खेळत असे ते घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून आणा. पहिल्या वर्षी निम्म्या मुलांनी अभिमन्यू लिहून आणला. (मोबाइलवर तोच सापडतो.) तेव्हापासून मी अट घातली की ज्याला तुमच्या आजोबांनी डोळ्यांनी पाहिले नाही त्याचे नाव लिहायचे नाही. मग वह्या भरू लागल्या. धान निघाल्यावर रिकाम्या बांधीत आखलेली मैदाने, राखेची रेघ, मंडईच्या दिवशी दिवसा कबड्डी आणि रात्री वडशाच्या कंपनीचे नाटक. एका संघाचा पंच तेलुगू बोलणारा, गडी माडिया आणि ओरडा मराठी. तरी भांडण एकच, रेघ कोणाच्या पायाने पुसली. एका गावात बक्षीस म्हणून बोकड मिळाला होता, तो कापायचा की पुढच्या वर्षीच्या खर्चासाठी वाढवायचा यावरून संघच फुटला. अशा गोष्टी. ज्या कादंबऱ्या मी लिहितो त्यांत यातली एकही मला सुचली नसती.

आता माझ्या बोलण्यातला व्यवहाराचा भाग. वाचक म्हणतील, मास्तरांना आठवणींचा सोस आहे. नाही. मला मैदानाची काळजी आहे.

आमच्याकडे गाव म्हणजे जंगलाच्या मध्ये सोडलेला टिपका. घराच्या मागे पाऊल टाकले की ती जमीन वनखात्याची. २००६ चा वनहक्क कायदा आला तेव्हा त्याच्या तिसऱ्या कलमात गावाच्या सोयींसाठी वनजमीन देण्याची तरतूद झाली. एक हेक्टरहून कमी जमीन, हेक्टरी पंचाहत्तरांहून अधिक झाडे पडू नयेत, ग्रामसभेची शिफारस असावी. कोणकोणत्या सोयी ते मोजून दिले आहे, तेरा आहेत. शाळा आहे, दवाखाना आहे, अंगणवाडी आहे, रास्त भावाचे दुकान आहे. विजेच्या तारा, तळी, पिण्याचे पाणी, पावसाचे पाणी अडवणे, लहान कालवे, अपारंपरिक ऊर्जा आहे. कौशल्य शिकवणारे केंद्र, रस्ता आणि समाजमंदिर आहे. खेळाचे मैदान नाही. पुन्हा वाचा, नाही. कबड्डीचे मैदान तेरा मीटर लांब, दहा मीटर रुंद. म्हणजे सव्वा गुंठ्याहून थोडेसे अधिक. खो-खोला सव्वाचार गुंठे पुरतात. दिल्लीत बसून ज्यांनी ही यादी केली ते चांगले लोक होते याबद्दल मला शंका नाही, कारण कायदा चांगला आहे. पण आदिवासीच्या पोराला औषध लागते, धान्य लागते, हे त्यांना सुचले. त्याला खेळायला लागते हे सुचले नाही.

आणि इथेच वहीचा प्रश्न येतो. त्याच कलमात गावाने परंपरेने उपभोगलेल्या इतर हक्कांनाही जागा ठेवली आहे. गावाची खेळाची जागा त्यात मागता येईल असे माझ्यासारख्या अडाण्यालाही वाचून वाटते. निर्णय जाणत्यांनी करावा. पण मागायचे तर पुरावा लागतो. २००८ च्या नियमांत पुराव्यांची यादी आहे, आणि तीत वडीलधाऱ्यांचे लेखी उतरवून घेतलेले कथनही चालते. लेखी! धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने २००९ साली आपल्या जंगलाचा सामूहिक हक्क मिळवला. त्या गावात वर्षानुवर्षे अभ्यासगट बसत होते, बोलणे होत होते, लिहून ठेवले जात होते. त्यांच्या यशाचे कौतुक करायला मोटारी भरभरून लोक येतात. त्यांच्या वह्यांचे अनुकरण मात्र फारसे कोणी करत नाही. उद्या एखाद्या गावाने म्हटले, 'ही जागा आमच्या खेळाची, तीन पिढ्यांपासूनची', आणि साहेबांनी विचारले, 'कशावरून?', तर आपण काय पुढे करणार? स्मरणिका? तिच्यावरून एवढेच सिद्ध होईल की जागा कुरुक्षेत्रात होती.

लीगचे समर्थक आता हात वर करतील हे मी जाणून आहे. २०१४ साली कबड्डीची लीग सुरू झाली, खेळाडूंना लिलावात किंमत आली, दिवाणखान्यांत कबड्डी दिसू लागली, मग आता गावमंडळांचे रडगाणे कशाला? मला लीग आवडते. शाळा सुटल्यावर पोरांच्या घोळक्यात बसून मीही पाहतो. परंतु लीग खेळाडू विकत घेते ती तयार. तो सात-आठ वर्षांचा असताना ज्याने त्याला पहिल्यांदा रेघेपर्यंत ढकलले, त्या मंडळाचे नाव लिलावात पुकारले जात नाही. आणि गावचा संघ मातीवर खेळून मोठा होतो, जिल्ह्याला गेला की पायाखाली गादी येते, पाय सरकतो, पहिल्याच फेरीत परत. दोष कोणाचा, याची चर्चाही होत नाही, कारण गेल्या वर्षी कोणता संघ असाच परत आला हे कोणी लिहिलेले नसते. दरवर्षी पहिल्यांदाच हरायचे! आमच्या जिल्ह्यात अलीकडे पोलिसांनी वीर बाबुराव शेडमाके यांच्या नावाने कबड्डीच्या स्पर्धा भरवल्या. १८५८ साली चांद्याला फासावर गेलेल्या त्या वीराचे नाव स्पर्धेला दिले हे उत्तम केले. लांबलांबच्या पाड्यांवरची मुले त्यानिमित्ताने खेळली. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात जिंकणाऱ्या संघाचे नाव आणि मान्यवरांची यादी आली. बाकीचे संघ ज्या वाटेने आले त्याच वाटेने जंगलात गेले, आणि मान्यवर मात्र छापून राहिले.

अध्यक्ष-चिटणीसांना माझे एक कडवट सांगणे आहे. मंडळाचा इतिहास म्हणजे पदाधिकाऱ्यांचा इतिहास ही समजूत सोडा. स्मरणिकेत कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत कोण अध्यक्ष होते ते छापता. त्यांच्यापैकी कित्येकांनी आयुष्यात एकदाही दम धरलेला नसतो. जाळीच्या गंजीफ्राकातला तो काळा पोर, ज्याने तुम्हाला पहिली ढाल मिळवून दिली, त्याच्या फोटोखाली 'इतर खेळाडू' असे लिहिलेले मी पाहिले आहे. त्या 'इतर' शब्दाची मला चीड येते.

मुलींच्या बाबतीत तर हा गुन्हा दुप्पट आहे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. भारताचे पुरुष जिंकले, भारताच्या मुलीही जिंकल्या, दोन्ही वेळा नेपाळवर. दोन्ही संघांचे कर्णधार आपल्या महाराष्ट्राचे, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. आमच्या शाळेत त्या दिवशी मुलींनी मैदानाचा खांब हळदकुंकवाने माखला. मी रागावलो नाही. पण खेडेगावात खो-खो खेळलेली मुलगी पुढे जाते कुठे? लग्न होऊन दुसऱ्या गावी. माहेरच्या मंडळात तिचे नाव राहत नाही कारण ती गेली, सासरच्या मंडळात येत नाही कारण ती सून. मुलगा निदान पारावर बसून पन्नास वर्षे स्वतःच्या पकडीच्या बढाया मारू शकतो. तिला पार नाही. माझ्या वर्गातल्या एका मुलीने सुट्टीनंतर जी वही आणली तीत तिच्या आजीने सांगितलेली माहिती होती. आजी आश्रमशाळेत असताना त्यांचा खो-खोचा संघ होता. आजीला नऊच्या नऊ जणींची नावे आठवत होती, कोण कोणत्या पाड्यावरची तेही, कोण पोलला लागून बसायची तेही. त्यांपैकी चौघी आज कुठल्या गावी नांदतात, आहेत की नाहीत, हे मात्र तिला ठाऊक नव्हते. शाळेच्या कपाटात त्या संघाचा एक कागद नव्हता.

म्हणून माझी सूचना फार साधी आहे आणि तिला पैसा लागत नाही. प्रत्येक मंडळाने, मंडळ नसेल तिथे शाळेने, शंभरपानी वही घ्यावी. यंदाच्या संघापासून सुरुवात करावी आणि मग मागे मागे जावे, जिथवर जिवंत माणसाची आठवण पोचते तिथवर. साल नक्की नसेल तर कोणत्या पुरात, कोणत्या दुष्काळात, रस्ता झाला त्याच्या आधी की नंतर, एवढे लिहावे. मैदान कोणाच्या शेतात होते, चतुःसीमा काय, आता तिथे काय आहे, हे चार वडीलधाऱ्यांच्या सह्या-अंगठ्यांनिशी उतरवावे. हरलेले सामनेही लिहावेत. आणि मुलींच्या पानावर दोन रकाने जास्त आखावेत : एक माहेरच्या गावाचा, दुसरा सासरच्या. दुसरा आज कोरा राहील. तो भरायला पुढच्या दिवाळीत भाऊबीजेला आलेल्या बहिणींना विचारावे; त्या दिवशी त्या गावातच असतात.